हेनेबर्गवरची अंडाकृती चकती

—रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. जागा हेनेबर्गचा माथा, पवनचक्कीसमोरचं गवत. हवा कोरडी, वारा पश्चिमेचा, हजर होता आमचा अख्खा सायकल क्लब आणि चक्कीवाल्याचं कुत्रं. हे मी मुद्दाम असं सांगतेय, कारण गावात तुम्हाला जो भेटेल तो निराळंच सांगेल — कुणी म्हणेल पाऊस होता, कुणी म्हणेल दुपार झाली होती, आणि आमच्या क्लबातला नॉर्बर्ट म्हणेल की असं काही घडलंच नाही. ती बादली जरा इकडे सरकवा. नाही नाही, टायरला तुम्ही हात लावू नका, तुम्ही त्या बाकावर बसा. तुमच्यासारख्यांनी टायर उचकटायला घेतला की रिमवर चरे पडतात. मी आयुष्यभर दोनच कामं केली, बातम्या लिहिल्या आणि पंक्चरं काढली, आणि खरं सांगू, पंक्चर निदान सापडतं तरी. ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडा येतोच. तो असं म्हणत नाही की मी तिथं नव्हतोच, मी संडासात होतो.

तुमची चकती गोल आहे, आल्या आल्याच पाहिलं मी. दोष नाही देत — जगातल्या बहुतेकांची गोलच असते, आणि बहुतेकांना आपलं काय चुकतंय ते कळत नाही. पेडलपाशी दातेरी चकती असते ना, चेन जिच्यावरून फिरते, तीच. आता बघा, पाय फिरतो गोल, पण पायातला जोर काय गोल असतो का? पेडल पुढे आडवं असताना जोर, आणि ते अगदी वर नाहीतर अगदी खाली गेलं की पाय म्हणजे दोरीवर वाळत घातलेला मोजा. मग चकती गोल कशाला? ती लांबट हवी, अंड्यासारखी — पायात जोर असेल तेव्हा चकतीची मोठी बाजू कामाला लागावी आणि पाय मेलेला असेल तेव्हा लहान. साधी गोष्ट आहे. पण ती बसवायची नीट. त्यासाठी चकतीवर एक खुंटी असते, एवढीशी, वाटाण्याएवढी, आणि ती पेडलच्या दांड्यामागे लपली पाहिजे. लपली तर चकती बरोबर. दिसली तर समजायचं की चकती फिरलीय, आणि मग सगळं उलटं — पाय मेलेला असताना डोंगर ढकलायचा, आणि जोर असताना ढकलायला काहीच नाही. पाच स्क्रू काढायचे, चकती एक घर सरकवायची, पाच स्क्रू आवळायचे, संपलं. कुणीही करेल. म्हणजे कुणीही नाही, ज्याला खुंटी माहीत आहे तोच करेल. आणि खुंटी कुणाला माहीत आहे? अख्ख्या गावाला. कारण मीच सांगितली ना! एप्रिलपासून मी दुसरं बोललेय काय?

आमच्या क्लबचं नाव ऐकलं असेल तुम्ही, ‘तहानलेली चाकं’. नाही? कुठून आलात म्हणायचं तुम्ही? असो. तीन गट आहेत आमच्यात. पहिल्यात तरणेताठे, ते निघताना दिसतात आणि आल्यावर दिसतात, मधे त्यांना कुणी पाहिलेलं नाही. दुसऱ्यात आम्ही. आणि तिसरा म्हणजे पॅनकेक गट. कागदोपत्री तो ‘निवांत गट’ आहे, पण दर रविवारी ते कालव्याकाठच्या कॅफेत तासभर बसून तपकिरी साखर घातलेले पॅनकेक हाणतात आणि मग टेकडीला वळसा घालून मागच्या सपाट वाटेनं आमच्या आधी माथ्यावर येऊन बसतात, टाळ्या वाजवायला. माझा नवरा फिर्मिन त्याच गटात आहे, आणि मी त्याला त्यावरून कधी एका शब्दानं — म्हणजे बोलले असेन, पण मायेनं बोलले असेन. तर मार्चमध्ये दगडी रस्त्यावर मी दोन रविवार मागे पडले. दोनच! वारा होता. आणि नॉर्बर्ट — आमचा अध्यक्ष, चौकातलं मांसाचं दुकान त्याचंच — बियरचा ग्लास खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणतो, “लुटगार्ट, वय होणं हा काही गुन्हा नाही गं. पुढच्या वर्षी तिसऱ्या गटात ये. तिथं गप्पाही छान होतात.” गप्पा! याच्या दुकानामागच्या गटाराची बातमी मी पहिल्या पानावर छापली होती, ती तो विसरलेला नाही. मीही नाही. म्हटलं, “नॉर्बर्ट, गप्पा तुझ्या तू मार. अट घाल.” मग अट ठरली. हंगामाचा शेवटचा रविवार, हेनेबर्गचा चढ. दुसऱ्या गटात मी सगळ्यांत शेवटी आले तर मुकाट्यानं पॅनकेक. नाही आले तर मी आहे तिथंच राहणार आणि पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

मग मी अंडाकृती चकती आणली. स्वतः बसवली, खुंटी दांड्यामागे, आरशात बघून खात्री केली. पहिल्याच रविवारी सुरू झाले, “काय लुटगार्ट, आज उकडून की तळून?” कुणी म्हणे कोंबडी बसवली का मागच्या सीटवर. बरं, हेनेबर्ग म्हणजेच कोंबडीची टेकडी, तेव्हा त्यांना आयतंच मिळालं, सहा महिने पुरलं. नॉर्बर्ट तर धर्मावरच गेला — “देवानं चाक गोल केलंय बाई, त्यात आपण लुडबुड करू नये.” म्हटलं, “नॉर्बर्ट, देवानं चाक केलेलंच नाही. देवानं अंडं केलं. चाक माणसानं केलं, म्हणून तर ते पंक्चर होतं.” तेव्हा गप्प बसला. पण लोक असे गप्प बसले की मला वाटतं त्यांना समजलेलं नाही, मग मी पुन्हा सांगते. कॅफेत सांगितलं, पोस्टात सांगितलं, नोटरीच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोला सांगितलं, ती रडत होती, तिला जरा विरंगुळा. आणि घरी तर काय! सकाळी ब्रेडवर लोणी लावता लावता फिर्मिनला चकती दाखवायची — प्लेट म्हणजे चकती, सुरी म्हणजे दांडा, ऑलिव्ह म्हणजे खुंटी. “फिर्मिन, ऑलिव्ह कुठं पाहिजे?” “सुरीमागे.” “आणि दिसलं तर?” “तर लुटगार्ट मागे पडेल.” असं पाठ होतं त्याला. गुणी आहे हो तो. तो न्हावी. चौकात दुकान होतं, नॉर्बर्टच्या समोर. हात म्हणजे त्याची अब्रू — नखाखाली कधी मळ नाही, सायकलच्या चेनला तर तो चिमट्यानंही शिवत नाही. त्याच्या टायरमध्ये हवा मी भरते. दुकान विकल्यावर सायकल घेतली त्यानं, म्हणाला, आता दोघं मिळून फिरू. मी म्हटलं, फिरू की. पण तो तिसऱ्या गटात आणि मी दुसऱ्यात, मग कसं फिरणार? माथ्यावर भेटतो आम्ही. कालव्यावरची ती वेट्रेस मला एकदा म्हणाली, तुमचे यजमान दर वेळी दोन खुर्च्या धरतात आणि दोन पॅनकेक मागवतात. म्हटलं, खादाड आहे मेला.

हे बघा, सापडला बुडबुडा. काटाच आहे, कुंपण छाटलं की सगळे इकडंच टाकतात. ते सोल्यूशन द्या.

तर रविवार. निघालो नऊ वाजता आणि पहिल्याच वळणापासून माझे पाय माझे नव्हतेच. कसं सांगू — प्रत्येक फेऱ्याला कुणीतरी पाऊल धरून ओढतंय, आणि मग एकदम सोडून देतंय. खाली पाय फसतोय, पुढे पाय हवेत. सायकल अशी लंगडत होती की मागून येणाऱ्याला हसू यावं. मला वाटलं वारा. मग वाटलं रस्त्यावर बीटाच्या ट्रॅक्टरांनी सांडलेला चिखल — आदल्याच दिवशी मी त्या शेतकऱ्याकडे जाऊन भांडून आले होते, दुपारभर, तरी त्यानं झाडला नव्हता. मग वाटलं तळलेले बटाटे, शनिवारी रात्रीचे. आणि मग, खोटं कशाला बोलू, कॉफीच्या थांब्यानंतर वाटलं की झालं. वय झालं. नॉर्बर्ट खरं बोलला. चढ सुरू झाला तेव्हा मी शेवटची होते, आणि पुढे दिसतंय काय, तर नॉर्बर्टचं ते ढुंगण, सॉसेजचं दुकान चालतंय असं. ते बघितलं आणि मला असा संताप आला — संताप कशाचा म्हणता? सगळ्याचाच! गटाराचा, गप्पांचा, “गुन्हा नाही गं” म्हणतो त्याचा. दात-ओठ खाल्ले. एकेकाला मागे टाकलं. दगडी पट्ट्यावर नॉर्बर्टच्या शेजारी आले, तो म्हणतो, “अगं, हळू, हृदय—” म्हटलं, “तुझं का माझं?” आणि गेले पुढे. पहिली! दुसऱ्या गटात पहिली, माथ्यावर, अकरा वीसला. तिसरा गट गवतावर उभा राहून टाळ्या वाजवतोय, कुत्रं भुंकतंय. फिर्मिन तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. पांढराफटक पडून तो माझ्या चकतीकडे बघत होता. मला वाटलं, अभिमानानं.

आणि मग मी भाषण केलं. हो, केलं! दगडावर चढून केलं, सायकल डोक्यावर धरून. म्हटलं, बघा, डोळे उघडून बघा, हा विजय माझा नाही, ह्या चकतीचा आहे, सहा महिने हसलात ना, आता हसा! आणि तेवढ्यात ओडिलॉन, आमच्या गावचा सायकल दुरुस्तीवाला, मान वाकडी करून खालून बघतो आणि अगदी हळू म्हणतो, “लुटगार्ट, खुंटी दिसतेय.”

दिसत होती. लख्ख. एक घर फिरवलेली होती चकती. सायकल माझ्या डोक्यावर, त्यामुळे मला एकटीलाच दिसत नव्हती, बाकी सगळ्या गावाला दिसत होती.

हसताय? हसा. नॉर्बर्ट गवतावर आडवा पडून हसला. म्हणतो, “म्हणजे चकती सकाळपासून उलटी, तरी तू पहिली! मग सुलटी असती तर काय झालं असतं, दुसरी आली असतीस?” म्हटलं, “ही उलटी केलीय कुणीतरी! घातपात आहे हा! आणि ज्यानं केला त्याला ठाऊक होतं की चकतीचा उपयोग होतो, नाहीतर फिरवली असती कशाला?” तर तो म्हणतो, “पण उपयोग होतो तर फिरवल्यावर तू हरायला हवी होतीस.” आता बघा ही पंचाईत. घातपात झाला म्हणावं तर चकती कुचकामी ठरते. घातपात झाला नाही म्हणावं तर मी मूर्ख ठरते, कारण मग उलटी बसवली कुणी, मीच. आणि त्यांचीही पंचाईत आहे बरं का — जो म्हणतो चकती म्हणजे थोतांड, त्यानं ती फिरवली असेल तर त्याचा थोतांडावर विश्वास आहे! गावात तेव्हापासून दोन तट पडलेत. पाद्री अजून ठरवतोय.

आता शुक्रवारी सभा आहे, कॅफेच्या मागच्या खोलीत. नॉर्बर्टचं म्हणणं असं — लुटगार्टनं घातपात करणाऱ्याचं नाव सभेत सांगावं, पुराव्यासकट. नाव सांगितलं तर त्या माणसाला क्लबातून काढू आणि लुटगार्ट दुसऱ्या गटात कायमची. नाही सांगितलं तर असं धरू की तिनं स्वतःच चकती उलटी बसवली, आणि ज्या बाईला आपली चकती सरळ बसवता येत नाही तिनं घोळक्यात सायकल चालवणं धोक्याचं आहे, तिला तिसऱ्या गटात पाठवा. म्हणजे जिंकूनही पॅनकेक! मी हात वर करून म्हटलं, मान्य. शुक्रवारी नाव सांगेन. मंत्र्यांकडून खरं काढून घेतलंय मी, सॉसेजवाल्याकडून नाही का काढता येणार.

तपास? केला की! तिथंच, माथ्यावर, पाच मिनिटांत सुरू. चकतीला हात लावला की वंगण लागतंच, तेव्हा म्हटलं, सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं आणि हात दाखवायचे, बालवाडीसारखे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच — सगळ्यांचेच काळे! सायकलवाल्यांचे हात ते. चेन उतरलेली, पंक्चर काढलेलं, एकाचे तर नुसतेच घाणेरडे. एकट्या फिर्मिनचे तेवढे लोण्यासारखे. मी त्याचे दोन्ही हात धरून वर केले आणि सगळ्यांना दाखवले — म्हटलं, हे बघा, असे असतात प्रामाणिक माणसाचे हात! बिचारा लाजून लाल झाला, म्हणतो, “लुटगार्ट, सोड, पुरे.” मग मी कॉफीच्या थांब्याचा तपास घेतला. वीस मिनिटं सायकली भिंतीला टेकलेल्या. उठलं कोण? नॉर्बर्ट, दोनदा. म्हणतो प्रोस्टेट. त्याचं प्रोस्टेट म्हणजे कायम हजर राहणारा साक्षीदार आहे. मी डॉक्टरला फोन केला, डॉक्टर म्हणतो सांगता येत नाही, म्हटलं सांगता येत नाही म्हणजे आहे की नाही? ठेवला फोन. आणि ओडिलॉनकडे ते पाच स्क्रू उघडणारी चांदणीच्या तोंडाची किल्ली आहे, पण तो म्हणतो, “मी उलटी केली असती तर मीच कशाला दाखवली असती?” ह्यात तथ्य आहे. शिवाय कॉफीच्या आधीपासूनच पाय फसत होते माझे, पहिल्या वळणापासून — म्हणजे थांब्याचा प्रश्नच—

हे मी तुम्हाला सांगताना आत्ता पहिल्यांदाच जुळवतेय. थांबा. पहिल्या वळणापासून. म्हणजे निघण्यापूर्वी. म्हणजे शनिवारी.

शनिवारी सायकल इथंच होती, ह्याच गॅरेजात. कुलूप लावलेलं. कोण येणार? घरात फिर्मिन होता ना. मी त्या बीटवाल्याशी भांडायला गेले ती संध्याकाळी आले, तेव्हा हा स्वयंपाकघरात, नळाखाली, लिंबू आणि मीठ घेऊन अंगठे घासतोय. घरातली सगळी लिंबं संपवली! म्हटलं काय रे हे? म्हणाला, “धुराडं साफ केलं गं.” म्हटलं बरं केलंस — तसा तो कामसू आहे — आणि मी त्याला बीटवाला काय म्हणाला ते सांगायला घेतलं. तो म्हणाला, “लुटगार्ट, उद्या शेवटची आलीस तर लई वाईट वाटेल का तुला?” म्हटलं, “मरून जाईन.” मग तो नुसता हात घासत राहिला. रात्री दोनदा उठला, एकदा तर बूट घालून दारापर्यंत गेला, गॅरेजच्या किल्लीशी चाळा करत उभा. मी म्हटलं, “झोप रे, उद्या माझी परीक्षा आहे, तुझी नाही.” आला, झोपला. तेव्हा घरचा प्रश्नच नाही. माणूस घरी होता, जागा होता, कुणी आलं असतं तर त्याला कळलंच असतं. शुक्रवारी त्यालाच साक्षीला उभा करणार आहे मी, की बाबा सांग, शनिवारी कुणी—

दारातून काय बघताय वर? घराच्या छपरावर काय आहे? कौलं आहेत. कबुतरं बसतात. नाही, दुसरं काही नाही तिथं. काय दिसत नाही म्हणता?

हं.

हवा भरून झाली. घ्या, दाबून बघा. टणक आहे. नाही, कॉफी नाही. तो वास येतोय तो पॅनकेकचा, आत फिर्मिन करतोय, सोमवारपासून रोजच करतोय, कशाला ते कळत नव्हतं. दोन माणसांपुरतेच आहेत. नाही, तुम्ही बसू नका. शुक्रवारी काय सांगणार ते शुक्रवारी. कालव्यापर्यंत सरळ जा, मग डावीकडे, टेकडीकडे वळू नका. आणि वाटेत नॉर्बर्टनं काही विचारलं तर मी तुमच्याशी फक्त पंक्चरबद्दल बोलले. निघा आता.

थांबा. एक गोष्ट, तपशील बरोबर असावेत म्हणून सांगते, मग चालते व्हा — ह्या घराला धुराडं नाही. गॅस आला त्या वर्षी मीच गवंडी लावून पाडून घेतलं.